जमादारणीची पाटी

जमादारीण डोळे मिटून कापूस पारखायची. मूठभर कापूस तळहातावर घ्यायची, अंगठ्याने दोनदा ओढून पाहायची आणि निकाल द्यायची, "हा वरच्या वावरातला, हा नाल्याकाठचा, अन् यात कोण्या भामट्यानं पानी मारलं." ती चुकलेली मी कधी पाहिली नाही. वेचणीला बायांची ओळ लावून ती मागून ओरडत चालायची, म्हणून गावाने तिला हे नाव ठेवलं. मी तिच्या शेजारचा, अमरावतीच्या कचेरीतला कारकून. मी तिला काकी म्हणायचो, ती मला "कारकुन्या" म्हणायची. तिच्या तोंडून ते गोड लागायचं. आता मला माझ्या कारकुनीचीच शिसारी येते.

वेचणीच्या आधी ती एकटी आपल्या वावरात फिरायची. पाऊस कमी पडूनही जे झाड ताठ उभं, ज्याचं बोंड भरलेलं, त्याला ती जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधायची. त्या झाडाचा कापूस वेगळा, त्याची सरकी वेगळ्या मडक्यात, आणि पुढच्या वर्षी पेरायची ती तीच. नवरा गेल्यापासून बारा वर्षं हे चाललं होतं. अमेरिकेत लढाई पेटली, इकडे कापसाला सोन्याचा भाव आला, आणि भले भले लोक ओला, मातकट, जो सापडेल तो कापूस गाड्यांत कोंबू लागले. हिने चिंध्या सोडल्या नाहीत. "भाव येते अन् जाते," ती म्हणायची, "बी गेलं त मंग कोठून आनता?"

त्या वर्षी आमच्या कचेरीतल्या गोऱ्या साहेबाने अमरावतीत प्रदर्शन भरवलं. सकाळी कापूस, बैल, भाजीपाला, दुपारी गाणंबजावणं, मग बक्षिसं, आणि दिवस कलताना दंडार, म्हणजे सोंगांचा खेळ. जमादारणीने चिंधीच्या झाडांच्या कापसाची पाटी भरली, काठाला हिरवी चिंधी बांधली आणि आमच्या गावच्या देशमुखाच्या बैलबंडीतून ती पाटी आणली. मंडपात पाट्यांवरच्या चिठ्ठ्या लिहायला मीच बसलो होतो. तिने मला बजावलं, "माह्यं नाव लिव. सासऱ्याचं नको, नवऱ्याचं नको. बारा वर्सं उन्हात मी होती."

ती हात धुवायला गेली आणि देशमुख आला. म्हणाला, "विधवा बाईचं नाव साहेबापुढं? गावची इभ्रत हाय का नाई? माझं लिहा." त्याने माझी मान धरली नव्हती. अहो, साधा आवाजसुद्धा चढवला नव्हता! मी बोरू बुडवला आणि चांगलं वळणदार देशमुखाचं नाव लिहिलं. ती परत आली, "लिवलं काय रे?" म्हणाली. मी "हो काकी" म्हणालो. तिने चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. त्या अंगठ्याला कापूस कळायचा, अक्षर कळत नव्हतं. हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्यानंतरचे काही तास ती इतकी खुशीत होती की आठवलं तरी माझी मलाच लाज वाटते. तिने प्रत्येक पाटीत हात घातला, एका व्यापाऱ्याला तोंडावर "हा वाळवून आन आधी" म्हणून सुनावलं. पलटणीचा बाजा सुरू झाला तेव्हा कानांवर हात ठेवून म्हणाली, "भांडे घासून राहिले काय हे?" पण हैदराबादेकडचा गवई बसला तशी ती कानांवरचे हात काढून पुढे सरकली. बराच वेळ ऐकून मला म्हणाली, "गळ्यातून सूत काढते रे हा. एवढं बारीक, तरी तुटत नाई." गाणं संपलं तरी ती जागची हलली नाही.

बक्षिसाच्या वेळी साहेबाने स्वतः कापूस ओढून पाहिला आणि एक पाटी वर उचलली. काठाला हिरवी चिंधी होती. जमादारीण बायांमधून उठली, पदर सारखा केला आणि चालू लागली. पुकारणाऱ्याने देशमुखाचं नाव घेतलं. ती अर्ध्यावर थांबली. देशमुख पागोटं सावरत तिच्या अंगावरून पुढे गेला. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

दंडार आमच्याच गावची. सोंगाड्याने प्रसंग टिपला होता. त्याने कमरेला हिरवी चिंधी बांधली, दुसऱ्याने पागोटं घालून त्याच्या डोक्यावरची पाटी हिसकावली, आणि मंडप हसून लोळला. देशमुख पोट धरून हसला. निर्लज्ज! साहेबाला काही उमगलं नाही, त्यानेही टाळ्या पिटल्या. तेवढ्यात जमादारीण उभी राहिली.

"हसता कावून? माह्या घरची चोरी झाली अन् तुमी तमाशा पाहून राहिले? उठा ना कोनी! सांगा ना साहेबाले!"

कुणी उठलं नाही. मी साहेबाच्या खुर्चीमागेच बसलो होतो. तिची वऱ्हाडी त्याला उमगली नाही, पण सावकाश सांगितलेली मराठी मोडकीतोडकी कळायची. एक वाक्य पुरलं असतं. मी मान खाली घालून बोरू पुसत बसलो.

पुढच्या पेरणीला साहेबाने देशमुखाकडे तेच बी मागितलं. आता आली का पंचाईत! देशमुख तिच्या दारात येऊन उभा राहिला. तिने गोठ्याकडे बोट दाखवलं. "म्हशीले चारली. सारी सरकी. तिनं खाल्ली, पन आपली म्हनून मिरवली नाई."

गाव तिला वेडी म्हणालं. मी धावत गेलो, "काकी, मूठभर तरी ठेवायची होती!"

"कोनाच्या नावानं, कारकूनसाहेब?" ती म्हणाली.

पुन्हा तिने मला कारकुन्या म्हटलं नाही. तीन वर्षांनी ती गेली. तसा कापूस आता पार अकोल्यापर्यंत कुठल्याच वावरात नाही. ती चिठ्ठी मात्र देशमुखाच्या बैठकीत काचेच्या चौकटीत टांगलेली आहे. आलागेला तिच्यासमोर थांबतो आणि विचारतो, अक्षर कोणाचं हो, इतकं सुंदर?