गाजराच्या बियांचा अर्क

चार म्हातारे चहाला बसलो, की कुणीतरी उंदीरघराचं नाव काढतं. मग घरून बोलावणं येईपर्यंत कुणी उठत नाही. एक किस्सा सांगावा, तर त्याच्या मागं दुसरा उभाच!

पन्नास-साठच्या मधली गोष्ट. पिंपरीला तेव्हा नुसता माळ. तिथल्या एका औषधाच्या कारखान्यात पांढरे उंदीर पाळलेले. मी आणि चाकणचा हमीद, दोघं पिंजरे धुवायचो. डॉक्टरसाहेब गाजराच्या बियांचा अर्क काढून माद्यांना पाजायचे. त्यानं पिल्लं होणं थांबतं का, एवढंच बघायचं. मी शाळेत गेलो नाही, पण एवढं मला कळत होतं.

हमीदच्या लग्नाला बरीच वर्षं झालेली, पण घरात पाळणा हलला नव्हता. त्याच्या अम्मीनं ठरवलं, हे त्या अर्कामुळंच! "दिवसभर त्यात हात घालतोस अन् तसाच घरी येतोस. सोड ती नोकरी!"

हमीद मला म्हणायचा, "राव, नोकरीला जुम्मा जुम्मा आठ दिवस झाले. लग्न कधीचं! पण अम्मीला कोण समजावणार? अन् नोकरी सोडली तर खाऊ काय?"

* * *

माझ्या घरी उलटंच. आमची पाच पोरं. बायकोनं अर्काचं सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, मग वाटीभर आणा की घरी!"

* * *

अर्क पाजलेल्या माद्यांच्या पाठीवर डॉक्टर पिवळा रंग लावायचे. एकदा मोठे साहेब बघायला येणार होते. पाहुण्यांसमोर पोरी नीट दिसाव्यात, म्हणून हमीदनं सकाळीच सगळ्यांना एकाच घमेल्यात साबण लावून आंघोळ घातली. एकूणएक पांढऱ्याशुभ्र!

डॉक्टर मटकन स्टुलावर बसले. म्हणाले, "हमीद, आता यातली अर्कवाली कुठली?"

"साहेब, आता सगळ्या सारख्या!"

डॉक्टर आधी हसले, मग नवा रंग आणून पहिल्यापासून कामाला लागले. तसली माणसं आता कुठं बघायला मिळतात?

* * *

एकदा मोशीचा एक म्हातारा शेळी घेऊन गेटावर आला. "गाभण ऱ्हात न्हाई. डॉक्टरला दावायचीय."

डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "बाबा, आम्ही पिल्लं होण्याचं औषध करत नाही. होऊ नयेत, त्याचं करतो."

म्हाताऱ्यानं शेळीकडं बोट केलं. "अन् त्याचा पगार मिळतो? माजी शेळी तर फुकटात करतीया!"

* * *

मग एक दिवस अम्मी स्वतःच आली. "माझ्या पोराला मोकळं करा," म्हणाली. हमीद भिंतीला टेकून उभा.

डॉक्टरांनी तिला आत नेलं. "अम्मी, या माद्यांना अर्क देतो. पलीकडच्यांना अर्काऐवजी नुसतं पाणी."

पलीकडच्या पिंजऱ्यांत पिल्लंच पिल्लं. गुलाबी, शेंगदाण्याएवढी. अम्मी वाकून बघत राहिली, कितीतरी वेळ.

"डॉक्टर, राहू द्या त्याला कामावर. पण ते पलीकडचं पाणी माझ्या सुनेला द्या."

"अहो, ते नळाचं पाणी आहे!"

"नळाचं असू दे, नाहीतर मक्केच्या झमझमचं. गुण दिसतोय ना!"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मी हमीदकडं. मग त्यांनी एक स्वच्छ बाटली घेतली, नळाखाली भरली आणि बूच लावून दोन्ही हातांनी अम्मीला दिली.

पुढच्या वर्षी हमीद पेढे घेऊन आला. मुलगी झाली होती. डॉक्टरांनी पेढा तोंडात टाकला, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "बाटली संपली का रे?"

"कुठं, साहेब! अर्धीच लागली. उरलेली अम्मीनं पाटलांच्या सुनेला दिली. तिला जुळं झालं!"