दोरीवरचे सदरे

कचेरीत त्याला सगळे ‘भिंग’ म्हणत. सीमेपलीकडच्या गावांचे आकाशातून घेतलेले फोटो भिंगाखाली बघता बघता त्याची बावीस वर्षं गेली. अतिरेक्यांना परदेशात कुठेही थारा मिळू द्यायचा नाही, हे सरकारचं धोरण. तो थारा हुडकायचं काम याचं. त्याने एक साधी युक्ती काढली होती. माणसं लपतात, पण कपडे कुठेतरी वाळत घालावेच लागतात. घर टीचभर आणि दोरीवर पुरुषांचे सदरे वीस-पंचवीस, की त्या घरावर लाल खूण. साहेबांनी ती युक्ती वरच्यांकडे आपल्याच नावावर खपवली.

त्याची थोरली बहीण पलीकडे दिलेली. तेव्हा सीमा म्हणजे नुसता ओढा होता. नोकरी लागली आणि त्याला तिकडे जायची बंदी झाली. ताईने नंतर बांधलेलं घर त्याने पाहिलंच नाही. फोटोंवर गावाचं नाव नसे, नुसता आकडा. प्रत्येक फोटो उचलताना, हे ताईचं घर नसू दे, एवढंच तो मनात म्हणायचा.

तिची पत्रं तपासणीतून सुटून यायला तीन महिने लागत. यावेळचं त्याने टेबलावरच फोडलं. मेहुणे गेल्यावर ती खाणीतल्या मजुरांचे कपडे धुऊ लागली होती. मोडक्या पुलासमोरचं निळ्या पत्र्याचं घर, अंगणभर दोऱ्या, असं तिने कौतुकाने लिहिलं होतं.

भिंगाने फाइल काढली. मोडका पूल, निळा पत्रा, फोटो एकेचाळीस. लाल खूण त्याच्याच हातची होती.

धडपडत तो साहेबांकडे गेला.

“एकेचाळीस ना? ते मागच्या महिन्यातच उडवलं,” साहेब म्हणाले. “तुझी नजर म्हणजे नजर आहे बुवा.”

घरी आई वाट बघत होती. तिला वाचता येत नसे, म्हणून पत्र त्यानेच वाचून दाखवलं. एकही ओळ गाळली नाही.

“बसली बाई एकदाची पोरीची घडी,” आई डोळे पुसत म्हणाली. “घे कागद. लिही, गार पाण्यात फार वेळ हात घालू नकोस म्हणावं.”

त्याने कागद घेतला. आई सांगत गेली आणि तो लिहीत गेला.