धोंडीरामचा उजवा हात

शेंगाचटणी कुटणाऱ्या घरात जन्मलेल्या मुलाने औषधनिर्माणशास्त्र शिकू नये, असा नियम विद्यापीठाने केलेला नव्हता. १९७४ साली सोलापूरच्या धोंडीरामने या ढिलाईचा फायदा घेतला.

त्याची आई सोजरबाई उखळात चटणी कुटून विकायची. घाव असे बसायचे की दाण्यातून तेल बाहेर यायचं. लहानपणापासून धोंडीराम तिच्या हाताखाली. “तेल न सुटलेली चटनी म्हंजी भुसा,” हे त्याने शिकलेलं पहिलं शास्त्र.

दुसरं कॉलेजात भेटलं. तिथे खलात एरंडेल, डिंक आणि पाणी घालून बत्ता न थांबता एकाच दिशेने फिरवायचा. चटचट आवाज आला की तेल-पाणी एकजीव झालं, दुधासारखं इमल्शन जमलं. तेल सुटलं की विद्यार्थी नापास.

धोंडीरामचं सुटायचंच. बत्ता दोन-चार फेरे शहाण्यासारखा फिरायचा, मग उचलून दाणकन खाली यायचा. कॉलेजचे चिनी मातीचे काही खल या घराणेशाहीत कामी आले.

“काय बे,” प्रयोगशाळेतले चन्नवीर सर म्हणायचे, “लग्न लावायला बसलायस का काडीमोड करायला?”

“हात ऐकत न्हाई, सर.”

“मग हाताला नापास करू का? तू घरी जा, हात बसंल परीक्षेला.”

लेखी पेपरात तो वरच्या नंबरात असे. प्रात्यक्षिकात मात्र दोनदा आपटला होता. आता शेवटची संधी. हुकली तर कॉलेज सुटणार, उखळ तेवढं उरणार.

“मास्तराला म्हन, वाईच तिखट घाला,” सोजरबाईने तोड सुचवली. “मग तेल सुटलेलं चालतंय की.”

शेवटी धोंडीरामनेच रोगनिदान केलं. बिघडलाय तो उजवा हात. डाव्याला चटणीतलं ओ की ठो कळत नाही. म्हणजे तो शिकवण्याजोगा आहे. आठवडाभर त्याने डाव्याची शिकवणी घेतली.

परीक्षेत इमल्शनच आलं. धोंडीरामने उजवा हात पँटच्या खिशात कोंबला आणि डाव्याने बत्ता फिरवायला घेतला. बाहेरून आलेले परीक्षक लगबगीने जवळ आले. खिशात हात घालून कॉपी करणारे विद्यार्थी त्यांनी नोकरीत बरेच पाहिले होते.

“खिशात काय आहे?”

“हात, सर.”

“काढ बाहेर!”

“काढला तर तेल सुटंल, सर.”

असली सबब त्यांनी कधी ऐकली नव्हती. त्यांनी मनगट धरून हात ओढून काढला, खिसा उलटा केला. चिठ्ठी नव्हती. हात मात्र सवयीने बत्त्याकडे निघाला.

“सर, सोडू नका!” धोंडीराम ओरडला. “वढून धरा त्याला!”

घाबरून परीक्षकांनी मनगट दोन्ही हातांनी आवळलं. खलातून चटचट आवाज येऊ लागला. चन्नवीर सर खिडकीकडे तोंड करून खोकत राहिले.

इमल्शन पांढरंशुभ्र झालं. तेलाचा एक थेंब वेगळा दिसेना.

परीक्षकांनी वाकून खलात पाहिलं, मग मुलाकडे. “छान आहे,” ते म्हणाले. “आता सोडू का?”

“बाटलीत भरस्तोवर धरा, सर.”

परीक्षकांनी धरला.