सात पालथे कप

तमिळ मुलखात, अंबत्तूरला अळंबीच्या शेडमध्ये कामाला लागून मला आठवडाच झाला होता. मालक बाहेर गेले आणि दुधी अळंबीच्या वाफ्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी दिसली. पीक गेलं तर नोकरी जाणार, आणि गाव तर लांब साताऱ्याकडे. नववीत शाळा सोडलेली. मला वाटलं, वाळवून टाकू. पंखा तिकडे वळवला.

"अय्यो तंबी, पंखा बंद कर! सगळीकडे उडेल ते!"

अळंबी घ्यायला आलेल्या एक म्हाताऱ्या बाई चक्क मराठीत ओरडल्या. तंजावरकडच्या मराठी घरातल्या असाव्यात. चपला काढून, नाकाला पदर लावून, बाळ निजलेल्या खोलीत शिरावं तशा त्या चवड्यांवर आल्या. प्रत्येक डागावर हलकेच ओला कागद, त्यावर मूठभर मीठ, वर चहाचा कागदी कप पालथा. तोवर मला श्वासही घेऊ दिला नाही.

माझे डोळे भरून आले.

"रडायचं तर बाहेर जा," त्या म्हणाल्या. "वाफ्यावर पाणी नको."

संध्याकाळी मालकांनी कप मोजले. "एवढे पाहुणे आले होते?"

बुरशी पसरली नाही, नोकरी टिकली. बाईंचं नाव मात्र विचारायचं राहिलं. अजूनही टपरीवर पालथा कप दिसला, की मी श्वास रोखून धरतो.