फळीच्या पलीकडच्या टोकापासून

माझं जळगावच्या पिंप्राळ्यात फोटो फ्रेमचं दुकान आहे. देवांचे फोटो, लग्नाचे फोटो, गेलेल्यांचे फोटो. पट्ट्या आता तयार येतात, फायबरच्या, सोनेरी नाहीतर चॉकलेटी. मापात कापायच्या, कोपरे जोडायचे, काच बसवायची. या कामात रंध्याचा काही संबंध नव्हता. तो आला एका गिऱ्हाइकामुळे.

चोपड्याहून एक बाई जुनी सागवानी फ्रेम घेऊन आल्या. एक बाजू वाळवीने खाल्लेली, बाकी तीन ठणठणीत. "नवीन नको, हीच नीट करून द्या," म्हणाल्या. पट्टीवर बोटाएवढी गोलाई होती आणि तिच्या कडेने बारीक खाच. तशी पट्टी जळगावात कुणाकडे मिळेना. एका सुताराने सांगितलं, अशी गोलाई काढायला वेगळा रंधा असायचा, पूर्वी प्रत्येक सुताराकडे चार-पाच तरी असायचे. आता मशीन आलं, रंधे भंगारात गेले. मग मीही भंगारात गेले.

धुळ्याला एका गल्लीत एक म्हातारे नाना भंगार घेऊन बसतात. त्यांच्याकडे सायकलींच्या चाकांखाली गोणीभर रंधे निघाले. मी एकेक उलटा करून तळ बघू लागले तसे ते हसले.

"ताई, चुल्हामा घालाले लई जाशी का?"

"तुमच्या चुलीत जाण्याआधी नेते म्हणा, नाना."

"ने, ने. माले तं गोनी पाहिजे व्हती."

साधा रंधा लाकूड सपाट करतो. त्याचा तळ सपाट असतो. मला हवा होता त्या रंध्याचा तळ म्हणजे पट्टीवरच्या गोलाईचा उलटा साचा. पात्याची धारही त्याच वळणाची. त्यामुळे तळ कधी घासायचा नाही. हे मला पहिला रंधा पॉलिश पेपरने गुळगुळीत करून वाया घालवल्यावर कळलं. पात्याचा गंज चिंचेच्या पाण्यात निघतो. पाचर ठोकून पातं बसवायचं. लाकूड कोरडं पडलेलं असतं, त्याला तेल पाजायचं.

तेलाचंही मी शहाणपण केलं. खानदेशातल्या बाईच्या घरात तेल म्हणजे घाण्याचं शेंगदाणा तेल. दुसरं कुठलं तेल मनातही येत नाही. वांगी त्यातच, भाकरीवर तेच, मग रंध्यालाही तेच चोपडलं. लाकडाला काय चमक आली! आठवडाभराने बघते तर उंदरांनी एका रंध्याची मागची कड कुरतडून अर्धी खाल्ली होती. बाकीच्यांचीही चव घेऊन झाली होती. आमच्या ह्यांना महिनाभर बोलायला विषय मिळाला. "आमनी बाईनं उंदीरस्ले पंगत दिन्ही," असं येईल त्याला सांगायचे. पुढे मी जवसाचं तेल वापरायला लागले. तो कुरतडलेला रंधा कानशीने गोल करून ठेवला. टाकवला नाही. चोपड्याच्या बाईंची फ्रेम झाली, आणि पुढे वर्षानुवर्षं तशा जुन्या फ्रेमी येतच राहिल्या.

आमचे हे धुळ्याकडचे, बोलणं अहिराणी. ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज चालवायचे. हाताला ग्रीस नाही असं मी त्यांना जेवतानासुद्धा फार वेळा पाहिलेलं नाही. एका सकाळी चहाचा कप हातातून सुटला आणि त्यानंतर उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा बोलणं शाबूत होतं, पाय हळूहळू आला, काठी घेऊन चालू लागले. हात येईना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं: जे काय परत यायचं ते पहिल्या काही महिन्यांत येतं, आणि वापरला तरच येतं. नाही वापरला तर असाच राहील.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. तिने रबरी चेंडू दिला, रंगीत माती दिली.

"काका, चिमणी करून दाखवा बरं."

"मी काय धाकला पोऱ्या शे?"

ती गेली की हात मांडीवर टॉवेलाखाली जायचा. कुणी घरी आलं की आधी टॉवेल.

माझ्या डोक्यात रंधा आला तो एका साध्या कारणाने. या जातीच्या रंध्याला मूठ नसते. मागच्या कडेवर तळहात टेकवायचा आणि ढकलायचं. यांची बोटं काही धरत नव्हती, पण खांद्यात थोडा जोर आलेला होता. उंदरांनी खाल्लेला तोच रंधा निवडला, कारण त्याची मागची कड आता तळहाताला टोचत नव्हती.

दुकानामागच्या पडवीत मी जुन्या टेबलावर काम करते. खोक्यातली मऊ फळी टेबलाच्या शिकंज्यात आवळली. मी जिथे उभी राहते तिथे, अलीकडच्या टोकाला, त्यांना उभं केलं. डावा हात पुढे, उजवा मागे ठेवून दिला.

"ढकला."

रंधा चार बोटं गेला, तिरका झाला, उसळला. उजवा हात घसरून फळीच्या कडेवर आपटला. परत ठेवला. परत तेच. तिसऱ्यांदा रंधा खालीच पडला. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं, जसं कुणी परक्याचं सामान आपल्या दारात ठेवून गेलं आहे.

"ऱ्हाऊ दे. मना हात गया."

त्या दिवसापासून चेंडू खाटेखाली गेला. ती मुलगी यायची, चहा पिऊन परत जायची. मी गोड बोलून समजूत काढणारी बाई नाही. मी भांडले.

"मला काचा धरायला माणूस लागतो."

"माणूस ठेव."

"पगार कोण देणार? तुमचा चेंडू?"

त्यावर ते हसले असते, पूर्वी. आता भिंतीकडे वळले. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. हाताची नाही. हाताशिवाय आयुष्य काढता येतं. पण ते आता कशावरच चिडत नव्हते, आणि दिवस निघून चालले होते.

मे महिना होता. जळगावचा उन्हाळा काय असतो ते सांगायला नको. दुपारी पडवीत एकच जागा बसण्यासारखी असते, टेबलाच्या पलीकडच्या टोकाशी, कडुनिंबाची सावली येते तिथे. हे खुर्ची तिथे ओढून, फळीच्या बाजूला बसले होते. मी एक पट्टी करत होते. दुकानात गिऱ्हाईक आलं, रंधा होता तिथेच, फळीच्या पलीकडच्या टोकावर ठेवून पुढे गेले. लग्नाचा फोटो घेऊन आलेल्या बाई, फ्रेमचा रंग काही पसंत पडेना. मला वेळ लागला.

परत येताना आवाज आला. खस्. थांबून, खस्. मी दारातच थांबले.

खुर्चीत बसून त्यांनी दोन्ही हात रंध्यावर ठेवले होते. उजवा कसा उचलला असेल ते त्यांनाच माहीत. फळीच्या शेवटच्या वीतभर भागावर रंधा पुढे जायचा आणि टोकावरून बाहेर निघायचा. तेवढाच. त्याच्या अलीकडे हात पोचतच नव्हता. वर लाकडाची पातळ गुंडाळी निघत होती, छोटी, माझ्या नथीएवढी. मग त्यांनी खुर्ची पायाने जराशी मागे सरकवली, रंधा जरा मागे टेकवला आणि ढकलला. रंधा सरळ गेला. उसळला नाही.

मी दिसल्यावर त्यांनी हात काढले नाहीत.

"आठे ये. देख. इतला दिन तू उलटी चालनी."

"मी? माझ्या पट्ट्या सरळ निघतात."

"जोर शे म्हनीसन निंघतीस. तठून ढकलस तू, मंग रंधाले वाट कोन दखाडी? पहिले आठे करानं, मंग मांगे सरकानं."

म्हणजे असं: पलीकडच्या टोकाशी आधी थोडी गोलाई कोरून घ्यायची. मग थोडं मागून सुरुवात केली की रंध्याचं तोंड आपोआप त्या तयार खाचेत शिरतं आणि खाच त्याला धरून ठेवते. मी एवढी वर्षं फळीच्या सुरुवातीला उभी राहून नुसत्या ताकदीवर पुढे रेटत होते. त्यांच्याकडे ताकद नव्हती, हात वीतभरच जात होता, म्हणून त्यांना ते सापडलं. मेकॅनिकचं डोकं, यंत्र का अडतं ते शोधल्याशिवाय त्यांना झोप यायची नाही. चिमणी करण्यात असं काहीच अडत नव्हतं.

मग रोज दुपारी. ती व्यायामाची मुलगी आली, बघत उभी राहिली, आणि तिने चेंडूचं नावही काढलं नाही. फक्त खांदा वर उचलू नका, एवढंच सांगत राहिली. वीतभराचं हातभर झालं. चमत्कार काही झाला नाही. शर्टाची बटणं अजून मी लावते. उजव्या अंगठ्याला धार कळत नाही, पातं ते डाव्या अंगठ्याने तपासतात. पण टॉवेल आता खांद्यावर असतो, घाम पुसायला.

परवा एक अख्खी पट्टी झाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकट्याने. मी ती उजेडात धरली, एक डोळा मिटून पाहिली. मधे एके ठिकाणी गोलाईला लाट होती.

"ही गिऱ्हाइकाला देता येणार नाही," मी म्हणाले. खोटं बोलून काय उपयोग, त्यांनाही दिसत होतं.

त्यांनी पट्टी घेतली, लाट शोधून काढली, तिथे नखाने खूण केली. मला वाटलं, आता ठेवून देतील.

"आठे खुर्ची जास्त सरकनी," ते म्हणाले. "दुसरी लाव."

मी दुसरी फळी आवळली आणि चहा टाकायला आत गेले. दूध वर येईपर्यंत ऐकत राहिले. खस्. खस्. खुर्ची थोडी मागे. खस्. मग काही क्षण काहीच नाही, आणि मी गॅस बारीक केला. मग पुन्हा, आधीपेक्षा जरा लांब.