टोकावड्याच्या धर्माने बॉक्स पुन्हा उघडला

टोकावड्याहून माळशेजकडे निघालं की एस.टी.च्या थांब्यापुढे उजव्या हाताला पत्र्याची एक शेड लागायची. पाटी नव्हती. शेडचा मालक धर्मा हिलम स्वतःच बोलती पाटी होता, त्यामुळे वेगळी लागतच नव्हती. रस्त्याने जीप गेली की तो आतूनच आवाज द्यायचा, "कोंडू, तुझा तिसरा गिअर रडतोय." आणि वैशाखरे ते मुरबाड प्रवासी जीप मारणारा कोंडू खिडकीतून हात काढून म्हणायचा, "गिअर एकदाचा गप होईल रे, तुझं तोंड कवा होणार?"

धर्मा वाडीवरचा. वाडी म्हणजे गाव जिथं संपतं आणि गावाची माया आटते, ती जागा. जमीन कुणाच्याच नावावर नाही. दिवाळी झाली की घरांना कडी लावायची आणि पोराबाळांसकट भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जायचं. धर्माही गेला. तिथं एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमारास भट्टीवरच्या ट्रकचा गिअरबॉक्स बसला. उतरवायला जॅक नव्हता. मिस्त्रीने आजूबाजूला बघितलं, धर्माची छाती त्याच्या डोळ्यांत भरली, आणि बॉक्स त्या छातीवर उतरवला. मिस्त्री वरून झाकण खोलत होता, धर्मा खालून बघत होता. त्या दिवशी विटा थापण्यावरून त्याचं मन उडालं ते उडालंच.

मग मुरबाडच्या एका गॅरेजात चिकटला. तिथल्या लोकांनी त्याला कधी उपाशी ठेवलं नाही, हे खरं. पण गिऱ्हाइकासमोर पानाही हातात दिला नाही. मागच्या बोळात, गिऱ्हाइकाच्या नजरेआड, बॉक्स खोलायचे आणि रॉकेलच्या डब्यात पार्ट धूत बसायचं. गिऱ्हाईक विचारायचं, कोण खोलतंय गाडी? मालक सांगायचा, मीच. आणि धर्मा मागे बसून दातांवर दात घासायचा. शेवटी एक दिवस भांडला, तिथून निघाला आणि टोकावड्याला चार बांबू रोवून त्यावर पत्रे टाकले.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून कोंडूच आला. जीप उभी केली, पण चावी देईना.

"वाडीवरच्याने खोललेला बॉक्स घाटात परत खोलायला लागला, तर मी कुणाच्या नावानं बोंब मारू?"

धर्माचं डोकं सटकलं. "आयक. मी बंद केलेला बॉक्स मी दुसऱ्यांदा उघडत नाय. ज्या दिवशी उघडीन त्या दिवशी शेड बंद, अन् मी परत भट्टीवर."

रागात गेलेला शब्द होता. पण शब्द रस्त्याला लागला की धाब्याधाब्यावर चहा पीत पुढे जातो. हाही गेला. मुरबाडपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं की धर्मा एकदाच उघडतो. आणि खरंच, नंतर इतकी वर्षं गेली तरी कुणी तोच बॉक्स घेऊन परत आलं नाही. धर्मा हे कुणी विचारलं तर सांगायचा, नाही विचारलं तरी सांगायचा. त्याला कुणी गर्विष्ठ म्हणो. गावातल्या मिस्त्रीचं काम बिघडलं तर लोक म्हणतात पार्ट खराब निघाला. वाडीवरच्याचं बिघडलं की थेट जातीवर येतात. त्याने तोंडाने बांधलेलं हे कुंपण होतं, आणि त्याच्या आत तो ताठ उभा होता.

दोन हजार चारच्या जानेवारीत शेडसमोर एक पांढरी एस्टीम थांबली. आतून उतरली नम्रता पष्टे, शहापूरच्या भातगिरणीवाल्या पष्ट्यांची मुलगी. ही मातीवरच्या शर्यतीत गाडी पळवायची. एकेक गाडी सोडतात, घड्याळ लावतात, कमी वेळात फेरी मारील तो पुढे. आता रविवारी तशी शर्यत वैशाखऱ्याजवळच्या मुरमाच्या माळावर होती, म्हणजे जवळजवळ तिच्या अंगणात.

"धर्मादादा तुमीच ना? एकदाच उघडता ते?"

"मीच. काय झालं?"

"वळणातून बाहेर पडताना आतलं चाक नुसतं फिरतं. गाडी जागेवर माती उडवते." तिने डिकीतून गोणपाटात गुंडाळलेलं लोखंडी गाठोडं काढलं. "हा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. पुण्याच्या एका रेसवाल्याकडून घेतलाय. कल्याणला दोन गॅरेजं फिरले. म्हणतात, मॅडम, वडलांना पाठवा."

हे ऐकून धर्माने गाठोडं हातातून घेतलंच. नजरेआड बसवणाऱ्यांची जात त्याला पाठ होती.

भागी, त्याची बायको, चुलीवरून भात उतरवून बाहेर आली. "काय हाय त्या लोखंडात एवढं?"

धर्मा खूश झाला. समजावून सांगायला माणूस मिळालं की तो असाच खुलायचा. "मळणीची पात बघितलीस ना? लोकांच्या खळ्यावर आपणच तर बैल हाकले. आतला बैल जागच्या जागी वळतो, बाहेरचा लांब चालतो. एका दोरात, पण चाल वेगळी. गाडी वळताना दोन चाकांचं तेच होतं, अन् साधा डिफरन्शियल त्यांना तेवढी मोकळीक देतो. पण त्याच्यात एक खोड. एका चाकाखालची माती सुटली की इंजिनाची ताकद त्याच्याच वाटेनं पळते. ते उधळतं, अन् दुसरं नुसतं बघत बसतं. ह्याच्यात आत चकत्यांची चळत हाय. एक उधळलं की चकत्या एकमेकींना धरतात, अन् दुसऱ्यालाबी ओढायला लावतात."

"म्हंजे उधळलेल्याला गरीब बैलाबरोबर जखडायचं," भागी म्हणाली. "आपलं लगीनच की."

नम्रता हसू दाबत म्हणाली, "पुण्याच्या माणसानं दोन गोष्टी सांगितल्यात दादा. आतल्या चकत्यांचा ताण बसवलेला आहे, त्याला हात लावू नका. अन् गाडी पळवायच्या आधी मोकळ्या जागेत हळूहळू आठाच्या आकड्यात फिरवा, चकत्या रुळतात."

धर्माने मान हलवली. कोळ्याला कुणी पोहायचं कसं ते सांगावं आणि त्याने मान हलवावी, तशी.

ती शहापूरला परतली आणि हा कामाला लागला. ह्या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पोटात असतात, पुढेच. दोन्ही बाजूचे एक्सल ओढून काढले. बॉक्स खाली घेतला, या वेळी छातीवर नाही, साखळीच्या कप्पीवर. कवच दोन फाकांत उघडलं. जुन्या डिफरन्शियलवरचा मोठा दातेरी क्राउन काढून नव्यावर चढवला, समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळत, म्हणजे तो एका अंगाला कलू नये. बेअरिंगं नवी, ऑइल सील नवे. हात असा चालत होता की रस्त्यावरून जाणारे उगाच पाणी मागायला थांबत होते.

बंद करायच्या आधी त्याने पारख केली. नव्या डिफरन्शियलची एक बाजू पकडून दुसरी पान्याने फिरवली. जरा जोर लागला, पण फिरली.

इथं धर्मातला जुना धर्मा जागा झाला. भाताच्या चिखलात रुतणाऱ्या जीपना तो एक इलाज करायचा. मागच्या डिफरन्शियलचे आतले दाते सरळ वेल्डिंग करून टाकायचे. दोन्ही चाकं एक. जीप बैलासारखी चिखलातून वर यायची. त्या रस्त्यावर असं वेल्डिंग मारून घेणं म्हणजे शहाणपणाची खूण होती. आणि ही पुण्याची वस्तू हाताने फिरतेय? ही काय धरणार? गाठोड्यात जास्तीच्या पातळ चकत्या दिल्या होत्याच. त्याने डिफरन्शियल खोलला, त्या आत भरल्या आणि घट्ट आवळला. आता पान्याला लांब पाइप लावूनही बाजू हलेना. धर्माचं समाधान झालं.

नम्रता आली, गाडी सुरू केली, रस्त्यावर घेतली. सरळ रस्त्यावर गाडी तीरासारखी. थांब्याजवळ वळवायला गेली तर स्टेअरिंगने हातातून हिसका मारला, पुढची चाकं खडखडली आणि गाडी वळायचं सोडून निम्मी सरळच गेली. तिने कशीबशी थांबवली.

"दादा, वळत नाय."

"टायर बघा. हवा कमी असंल."

हवा बरोबर होती. मग धर्मा म्हणाला अलाइनमेंट. मग म्हणाला, जुना माल, पुण्याच्या माणसाने फसवलं. शेवटी नम्रता खाली उतरली आणि दार उघडून उभी राहिली. "तुमीच चालवा."

तो बसला. पहिल्या वळणाला त्याने स्टेअरिंग दाबून धरलं, गाडी हट्टाने पुढेच निघाली, थेट धाब्याच्या अंगणात, आणि रिकाम्या बाजेला ढकलत ढकलत पार भिंतीपर्यंत घेऊन गेली. बाजेवरचा माणूस नुकताच हात धुवायला उठला होता. तो कोंडू होता. तो ओल्या हातांनी बघत राहिला.

"मी बसलो असतो तर मलाबी नेला असतास का मुरबाडला?"

धर्माचे हात अजून स्टेअरिंगवरच होते. त्याच्या मनगटांना कळलं होतं. जीपची मागची चाकं नुसती ढकलतात. वळायचं काम पुढच्यांचं. ह्या गाडीत ओढायचं पुढच्यांनीच आणि वळायचंही पुढच्यांनीच. त्याने दोघांना असं करकचून बांधलं होतं की आतल्या बैलाला वळायला जागाच राहिली नव्हती. माल चांगला होता. चकत्यांना हात लावू नका असं सांगितलं होतं. हात त्याने लावला होता.

गाडी शेडशी आणली. नम्रताला त्याचा शब्द ठाऊक होता. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "मागच्या बाजूला घेऊ. ताडपत्री लावा. कुणाला कळायचं नाय. मी पण नाय सांगणार."

धर्माने ताडपत्री उचललीसुद्धा. दोन पावलं शेडच्या मागच्या बाजूकडे गेला आणि थांबला. ताडपत्री खाली आपटली.

"मागच्या बाजूला मी लय वर्षं बसलोय. आता नाय बसायचा."

"मग शेड?" भागीने विचारलं. ती आता थट्टा करत नव्हती. भट्टीवरची चूल तिनेही फुंकलेली होती.

"बघू. आधी काम नीट."

त्याने गाडी रस्त्याला तोंड करून उभी केली, भर उन्हात, आणि धाब्याकडे बघून आवाज दिला, "कोंडू, ये रे. मी चुकलोय. बॉक्स परत उघडतोय. काय बोलायचं ते समोर येऊन बोल."

अर्ध्या टोकावड्याने चहा सोडला. लोक गोल करून उभे राहिले. बॉक्स खाली आला, कवच उघडलं, भरलेल्या चकत्या एकेक करून बाहेर आल्या आणि फडक्यावर मांडल्या गेल्या, सगळ्यांना दिसतील अशा. कुणी हसलं नाही. कोंडू पहिल्या रांगेत उकिडवा बसला होता, तोही गप्प, आणि हेच धर्माला जास्त लागत होतं. पुन्हा पारख केली, एक बाजू धरून दुसरी फिरवली. जरा जोर लागला, पण फिरली. या वेळी त्याने ते तसंच ठेवलं.

मग नम्रताने मागच्या कापलेल्या भाताच्या शेतात गाडी नेली आणि आठाच्या आकड्यात फिरवत राहिली, हळूहळू, या अंगाला, त्या अंगाला. धर्मा बांधावर बसून तिच्या पुढच्या चाकांकडे बघत होता. मळणीला बैल जसे फिरतात तशीच ती फिरत होती. ती उतरली तेव्हा हसत होती, म्हणजे सांगायचं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मा शेडचे पाने पेटीत भरायला लागला. शब्द म्हणजे शब्द. भागीने त्याला शहाणपण शिकवलं नाही. ती फक्त पेटीतून दर वेळी एक पाना काढून परत खिळ्याला टांगत होती आणि तो पुन्हा पेटीत टाकत होता. एवढ्यात बाहेर जीप थांबली. कोंडू.

"भट्टीवर कवा निघतोस?"

"भरतोय सामान. दिसत नाय?"

"जायच्या आधी माझं मागचं डिफरन्शियलचं हौजिंग खोल. तू वेल्डिंग मारलंस तवापासून वळणावर टायर खातंय."

धर्मा उभा राहिला. "अन् इतकी वर्षं बोलला नायस?"

"कसा बोलू? तू परत उघडत नाय ना."

"मग टायर खाऊ दिलंस?"

"नवे टाकत गेलो. धाकलूने तर त्याची जीप गुपचूप मुरबाडला नेली, तिथं काढून आणलं वेल्डिंग. आमाला बोलला, धर्माला कळू देऊ नका, त्याच्या मनाला लागंल."

धर्माच्या तोंडावर रक्त चढलं. ज्या विक्रमावर तो ताठ उभा होता, तो निम्मा ह्या लोकांनी आपले टायर झिजवून सांभाळला होता. त्याने कोंडूला एक कचकचीत शिवी दिली. कोंडूने ती खिशात घातल्यासारखी मान हलवली.

"आजून दोघं येतायत मागून," तो म्हणाला. "काल बघितलं सगळ्यांनी, तू परत उघडतोस म्हणून. आता भट्टीवर जाशील तर ह्या गाड्या काय तिथं आणायच्या?"

भागीने पेटी उचलली आणि जमिनीवर पालथी केली. पाने खणखणले.

"लायनीत लावा," धर्मा म्हणाला. "अन् धाकलूलाबी बोलव. मुरबाडवाल्याने काय दिवे लावलेत ते बघायचंय मला."

त्यामुळे रविवारी शर्यतीला त्याला जाताच आलं नाही. सगळा रस्ता वैशाखऱ्याच्या माळावर लोटला होता आणि हा कोंडूच्या जीपखाली. दुपारी एस्टीम शेडसमोर येऊन थांबली, पांढरी कुठली, नखशिखांत लाल. नम्रता धुळीने माखलेली उतरली आणि खाली वाकली.

"दादा, दुसरी आले."

"ते असू दे. वळणावर हाताला काय वाटलं?"

तिने विचार केला. "काहीच नाय वाटलं."

"मग बसलंय." धर्मा सरपटत बाहेर आला, हात पुसले आणि चावी बाजूला थांबलेल्या कोंडूच्या अंगावर फेकली. "ने. घाटापर्यंत जाऊन ये. अन् नीट नाय वाटलं तर परत आण."

"आणीन," कोंडू म्हणाला. "घाबरतो काय तुला?"