रिकामी पट्टी

घरच्या सर्व्हरमध्ये आज मी मोठी डिस्क बसवली. पडद्यावर रिकाम्या जागेची लांबच लांब पट्टी उमटली आणि मी तिच्याकडे बघतच राहिले. आई गेल्यावर तिचे सगळे व्हॉइस मेसेज मी याच सर्व्हरवर जपले होते. माझ्या नवऱ्याने ते न विचारता पुसून टाकले. "जागा संपली होती गं, रेकॉर्ड केलेल्या मॅचेस कुठे ठेवू?" एवढंच म्हणाला होता.

आज तो खुर्ची ओढून शेजारी बसला. "वा! आता माझ्या सगळ्या मॅचेस मावतील."

"नाही. पासवर्ड बदललाय मी."

"अगं, मग एवढ्या जागेत ठेवणार काय?"

"काहीच नाही."

त्याचा चेहरा उतरला. दुःख मनात कसंबसं मावतं, रागाला मात्र जागा लागते. ती पट्टी पडद्यावर अशीच उघडी राहील, आणि तो ती रोज बघेल.